अडतिसावी चाल

रविवारी सकाळी नऊ वाजता धाकटी गिटार घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायची. खिडकी लावायची, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची, आणि त्या आठवड्यात केलेली चाल एकदाच वाजवायची. एकदाच, कारण तिने तसं ठरवलं होतं. बोट घसरलं तर घसरलं, तार करकरली तर करकरली. एकदा ध्वनिमुद्रण सुरू केलं की जे येईल ते ठेवायचं. सातव्या चालीत वरच्या मजल्यावरच्या काकांची शिंक आहे, तीही अगदी समेवर. विसाव्या चालीत कुणीतरी जिन्यात किल्ल्या पाडतं. ते सगळं तसंच राहिलं. हे होईपर्यंत चहासुद्धा घ्यायचा नाही, हेही तिचं तिनेच ठरवलेलं.

छप्पन्न वर्षांच्या बाईला सगळे अजून धाकटी म्हणायचे, कारण दादा म्हणायचा. दादा सहा वर्षांनी मोठा. गिटार त्यानेच तिच्या मांडीवर ठेवली, तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिची हनुवटी जेमतेम गिटारच्या वरच्या कडेला पोचायची. कवळ्या करायचं कामही त्यानेच शिकवलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत दोघांनी सत्तावीस वर्षं एकत्र काम केलं. बाई माप पाठवायच्या, धाकटी त्यात प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची आणि शेवटी दादा तयार कवळी मशीनवर घासून तिला चकाकी आणायचा. धाकटीचे दात जरा जास्तच सरळ यायचे. "अगं, माणसाचे दात आहेत, कंपासपेटीतली पट्टी नाही," असं म्हणत दादा पुढचा एक दात केसाएवढा वाकडा करून द्यायचा. दादा गेल्यापासून ती स्वतःच तो दात वाकडा करते.

अकरा वर्षांपूर्वी भाचीच्या, म्हणजे दादाच्या मुलीच्या, लग्नाआधी दादाकडे घरभर माणसं जमली होती. कुणीतरी आग्रह केला म्हणून दादाने गिटार काढली आणि एक लहानशी चाल वाजवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "कालच सुचली," दादा म्हणाला.

"सुचली कुठली, चोरलीस," धाकटी म्हणाली. "ही माझी आहे. महिनाभर माझ्या डोक्यात घोळतेय. चोर आहेस तू."

ती गमतीत बोलली नव्हती, आणि तिचा आवाजही गमतीचा नव्हता. चारचौघांत शब्द तोंडातून गेला तो गेलाच. दादाने गिटार पेटीत ठेवली, पेटीचे दोन्ही खटके एकामागून एक बंद केले, आणि पाहुण्यांना पाणी विचारायला उठला. त्यानंतर त्याने ती पेटी उघडली नाही. साडेनऊ वर्षं दोघं त्याच खोलीत काम करत राहिली. "मेण दे." "हे माप कुणाचं?" "उद्या लवकर ये." बोलणं तेवढंच. माफी मागायची असं धाकटीने दर सोमवारी मनाशी ठरवलं आणि दर शनिवारी ते पुढच्या सोमवारवर ढकललं. मग एका सकाळी दादा कामावर आला नाही. फोन आला तोवर सगळं संपलं होतं. इस्पितळाच्या पायरीवर वहिनी तिला एकच वाक्य बोलली: "गिटार न्यायला येऊ नकोस."

दादाला जाऊन सहा महिने झाले तेव्हा धाकटीने हा नेम धरला. एका चालीसाठी भावाला चोर म्हटलं. तर बावन्न आठवड्यांत बावन्न नव्या चाली करायच्या, आणि सगळ्या दादाच्या नावे सोडून द्यायच्या. अट एकच. प्रत्येक चाल स्वतःची हवी. दुसऱ्याची वस्तू आपल्याला दान करता येत नाही. तिने एक लांबट वही घेतली. क्रमांक, तारीख, चालीचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात 'कुणाची'. त्या रकान्यात दर रविवारी 'माझी' असं लिहायचं, आणि लिहिण्याआधी मनाला नीट विचारायचं, खरंच का? मग मुद्रण वहिनीच्या फोनवर पाठवायचं. त्यासोबत एक अक्षरही लिहायचं नाही.

नेम धरणाऱ्यांना ठाऊक असतं, सुरुवातीचे दिवस हौसेचे असतात आणि शेवटचे दिवस नेमच तुम्हाला ओढून नेतो. जीव काढतात ते मधले. तेविसाव्या आठवड्यात धाकटीला सुचेचना. प्लास्टरने बोटांची टोकं कोरडी पडून चिरली होती, तार दाबली की डोळ्यांत पाणी यायचं. शनिवारी संध्याकाळपर्यंत हात रिकामा. तेव्हा ती देवापुढे बसून म्हणाली, "मला मोठं काही नको, चार सूर दे." खरोखर चारच सूर मिळाले. तेविसावी चाल चार सुरांची आहे.

अडतिसावी मात्र न मागता आली. आली तीही सगळी एकदम, जशी कुणी हातात आणून ठेवावी. सगळ्यात जाड तार तिने थोडी उतरवून घेतली, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि तो खर्जाचा सूर सतत घुमत ठेवून वर चाल फिरू लागली. बावन्नांत हीच तिची लाडकी. 'कुणाची' या रकान्यात तिने न थांबता लिहिलं: माझी.

वहिनीकडून उत्तर कधीच आलं नाही. पाठवलेल्या प्रत्येक मुद्रणाखाली दोन करड्या खुणा दिसायच्या. म्हणजे पोचलं, पण उघडलेलं नाही. आठवड्यामागून आठवडे करड्या खुणांची रांग लांबत गेली. धाकटीने त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि रोज वाटून घेतलं.

एक्कावन्नावी चाल पाठवल्यानंतरच्या बुधवारी दुपारी ती दवाखान्यातून घरी आली, पर्समधून फोन काढला आणि उभीच राहिली. सगळ्या खुणा निळ्या झाल्या होत्या. पहिलीपासून एक्कावन्नपर्यंत. ती बघत असतानाच फोन वाजला.

"भाची आली होती तुझी," वहिनी म्हणाली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "तिने लावून दिलं. सगळ्या ऐकल्या आज."

"वहिनी..."

"अडतिसावी कुणाची?"

धाकटीला प्रश्नच कळला नाही. "माझी."

"पुन्हा विचारते. कुणाची?"

"सगळ्या माझ्याच आहेत, वहिनी. तोच तर नेम आहे."

"ती यांची आहे," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "रोज सकाळी शर्टाची बटणं लावताना गुणगुणायचे. वरच्या बटणापासून खालच्यापर्यंत एकदा पुरी व्हायची. शेवटच्या सकाळीसुद्धा. तिसऱ्या बटणाला थांबले, म्हणून तर मी स्वयंपाकघरातून बाहेर आले."

धाकटीला खुर्ची सापडेना.

"चोर म्हणायला तुला चारचौघं लागली होती," वहिनी म्हणाली. "मला नकोत. मी फोनवरच म्हणते." आणि तिने फोन ठेवला.

त्या दिवशी धाकटी जेवली नाही. तिने वही उघडली, अडतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि मनाला पुन्हा विचारलं, खरंच का? मन म्हणालं, खरंच. दादा तिच्यासमोर कधी गुणगुणलाच नव्हता. साडेनऊ वर्षं तो तिच्याकडे पाठ करून बसला, मूग गिळून बसला. मग त्याची चाल हिच्या बोटांत येणार कुठून? वहिनीची चूक होत असेल. माणूस गेल्यावर त्याचा आवाज कशातही ऐकू येतो. असं तिने स्वतःला समजावलं, पण वही मिटवेना. चाल खरंच तिची असेल तर बावन्न पुऱ्या होत होत्या. नसेल तर तिने दादाच्या नावे दादाचीच वस्तू दान केली होती, आणि वर चोर ठरत होती ती स्वतःच.

शुक्रवारी ती गिटार घेऊनच दवाखान्यात गेली. काम उरकलं, डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या, तेव्हा तिने मागच्या खोलीचं दार लोटलं. घासायचं मशीन कोपऱ्यात होतं. आडवी मोटर, तिच्या टोकाला कापडाचं जाड चाक, खाली घासायच्या ओल्या पुडीचं पसरट भांडं. समोर दादाचं स्टूल. तो गेल्यापासून घासायचं कामही तीच करत होती, पण त्या स्टुलावर बसून नाही, उभ्याने करायची. आज ती बसली. इथून तिचं टेबल पाठीमागे येत होतं, दोन हातांवर. म्हणजे तो इथे बसला की ती त्याच्या पाठीशी, आणि मधे मोटरची घरघर. ती घरघर चालू असताना कुणी मोठ्याने बोललं तरी ऐकू यायचं नाही. की यायचं?

चाल इथून आली असेल, तर तिचा खर्ज या मोटरशी जुळेल. तिने बटण दाबलं. मोटर घुमू लागली. धाकटीने जाड तार अडतिसाव्या चालीसाठी उतरवायची तेवढी उतरवली आणि छेडली.

जुळला नाही. मोटरचा सूर तारेपेक्षा स्पष्ट वर होता. तिने पुन्हा छेडून पाहिलं. दोन सूर एकमेकांना खात होते. धाकटीने डोळे मिटले आणि किती दिवसांनी पुरा श्वास घेतला. नव्हे, ही दादाची नव्हे. इथून आलेली नव्हे. माझीच.

"अगं बाई!" दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. चष्मा कपाळावर, हातात एक कवळी. "कवळ्यांना गाणं शिकवतेस की काय? म्हातारे आधीच तक्रार करतात. सकाळचे ते आजोबा म्हणाले, हे दात फार हसरे आहेत, मी एवढा आनंदी माणूस नाही."

धाकटीला हसू आलं. "द्या, जरा मंद करून देते."

"राहू दे, तुझे हात अडकलेत. एवढी कड मीच घासते, मला काय येत नाही होय?" असं म्हणत बाई पुढे झाल्या, कवळी ओल्या पुडीत बुडवली आणि फिरत्या चाकाला टेकवली.

मोटरवर भार आला. आवाज किंचित खाली बसला, तसाच जसा रोज बसायचा, हजारदा बसला होता, आणि बसल्या जागी स्थिर झाला. धाकटीच्या बोटाने जाड तार आपसूक पुन्हा छेडली. मोटर आणि तार यांच्यामधली भांडणारी लहर थांबली. दोन्ही एकच सूर झाले.

"बाई, हात काढू नका," धाकटी म्हणाली.

"काय?"

"जरा तशीच धरा. थोडा वेळ."

आणि तिने अडतिसावी चाल वाजवली. मोटरच्या घुमण्यावर ती अशी बसली, जशी आपल्या मापाची कवळी आपल्या हिरडीवर बसते. कुठे टोचत नव्हती, कुठे हलत नव्हती. दादाची पाठ तिला दिसली. ओले, पांढरे झालेले हात, किंचित हलणारे खांदे. तो गप्प नव्हता. घरी वहिनीपाशी आणि इथे या आवाजाच्या आड तो रोज गात होता, कारण त्याला वाटलं, धाकटीला ऐकू जात नाही. आणि धाकटीलाही वाटलं, की आपण ऐकत नाही.

बाईंनी हात काढला. "फार घासली गेली गं," त्या कवळीकडे बघत म्हणाल्या. मग धाकटीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी मशीन बंद केलं. त्या म्हणाल्या, "तू पूर्वी अशीच गुणगुणायचीस. टेबलावर मान घालून. तुझं तुला भान नसायचं. दादा एकदा मला खुणेने म्हणाला, हिला सांगू नका, नाहीतर थांबेल."

धाकटीने गिटार मांडीवर आडवी ठेवली. "कधीची गोष्ट?"

"भाचीच्या लग्नाच्या आधीची असेल. नंतर तुम्ही दोघं..." बाईंनी पुढचं वाक्य सोडून दिलं.

तिला आणखी काही विचारायचं राहिलं नाही. तिच्या टेबलावरून त्याच्या स्टुलापर्यंत दोन हातांचं अंतर होतं, आणि त्या अंतरातून दोन्हीकडे ये-जा होती.

शनिवारी तिने अडतिसाव्या ओळीतलं 'माझी' खोडलं आणि वर लिहिलं: दादाची. एक्कावन्नातून एक गेली. पन्नास उरल्या. उद्याची धरून एक्कावन्न. नेम पुरा होणार नव्हता. बावन्नावी चाल तिने महिनाभर आधीपासून राखून ठेवली होती, जपून, चांगली लांब, शेवटाला शोभेल अशी. ती वाजवायची आणि एक कमी आहे हे सांगायचं, एवढंच तिच्या हातात होतं. कुणाला सांगायचं, तेही ठरलेलं होतं.

रविवारी नऊला पाच कमी असताना तिने वहिनीची घंटा वाजवली. पाठीवर गिटार, पिशवीत वही. चहा घेतलेला नव्हता.

वहिनीने दार उघडलं आणि अर्धवट धरून ठेवलं. "यांची गिटार मिळणार नाही."

"ती न्यायला नाही आले. माझी आणलीय."

वहिनी बाजूला झाली. खोलीत इस्त्रीचं टेबल मांडलेलं होतं, त्यावर अर्धी घडी घातलेली चादर. कपाटावर दादाच्या गिटारची पेटी, खटके बंद. वहिनीने तिला खुर्ची दाखवली आणि स्वतः उभी राहिली.

"तुमचं खरं आहे," धाकटी म्हणाली. "ती दादाची आहे. मी चोरली. मला कळलं नव्हतं, पण घेतली मीच." मग मोटरचं, स्टुलाचं, बाईंनी सांगितलेलं, सगळं तिने अडखळत सांगितलं. सांगताना तिने स्वतःला कुठे वाचवलं नाही. "आणि त्यालाही कळलं नसणार, वहिनी. त्या दिवशी. तो खरंच बोलत होता, काल सुचली म्हणून. मी त्याला..."

तिला तो शब्द पुन्हा उच्चारवेना.

वहिनी चादरीची घडी पुरी करत राहिली. चार पदरी, मग आठ पदरी. "हे अकरा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं."

"हो."

"साडेनऊ वर्षं तुझ्यापासून दोन हातांवर होते ते."

"हो."

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले. धाकटीला काय करावं कळेना. हात मात्र सवयीने पुढे गेले. तिने फोन इस्त्रीच्या टेबलावर उभा केला, मुद्रणाचं बटण दाबलं आणि गिटार घेतली. पहिला सूर दाबायला बोटं तारांवर ठेवली.

"ती कुठली होती?" वहिनीने विचारलं.

"कुठली?"

"जिच्यापायी एवढं सगळं झालं ती. मी त्या दिवशी आत होते, पाहुण्यांच्या ताटांचं बघत. चाल मला ऐकूच आली नाही. तुझं बोलणं तेवढं आलं." वहिनी प्रथमच बसली, समोरच्या खुर्चीच्या टोकावर. "नंतर यांना विचारलं, वाजवून दाखवा. तर म्हणाले, ती माझी नाही."

धाकटीच्या हातांतली राखून ठेवलेली चाल कुठल्या कुठे गेली. अकरा वर्षांत तिने ती जुनी चाल एकदाही वाजवली नव्हती. तिला वाटलं होतं, आठवणार नाही. पण बोटांनी वाट शोधली. एक चढता तुकडा, दोनदा. एक वळण. परत उतरून पहिल्या सुराशी येणं. मिनिटभराचीही नव्हती. संपली तेव्हा तिने तारांवर तळवा ठेवला.

वहिनीने वाट पाहिली. मग म्हणाली, "एवढीच?"

"एवढीच."

नंतर कुणी काही बोललं नाही. वहिनीने पदराने एकदा डोळे टिपले, एकदाच, जसा काचेवरचा डाग पुसावा. फोनवर लाल ठिपका लुकलुकत होता. धाकटीने हात लांब करून तो थांबवला, आणि मग तिच्या लक्षात आलं. एकदा सुरू केलं की जे येईल ते ठेवायचं. राखून ठेवलेली चाल राहिली ती राहिली. बावन्नावी ही झाली होती.

तिने वही काढली. क्रमांक लिहिला, तारीख लिहिली. नावाच्या जागी 'एवढीच' असं लिहिलं. शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि मनाला विचारलं. मन गप्प होतं.

"काय झालं?" वहिनी म्हणाली.

"कुणाची ते लिहायचं असतं इथे. ही माझी का त्याची, आता कुणालाच सांगता यायचं नाही. न लिहिता सोडलं तर नेम पुरा झाला म्हणायचा का?"

"तुझा नेम. तुला ठाऊक," वहिनी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला पाठवणार नाहीस? दर रविवारी पाठवतेस ना?"

धाकटीने रकाना कोरा ठेवून वही मिटली. नेहमीसारखं, एकही अक्षर न लिहिता, तिने मुद्रण पाठवलं. समोर वहिनीच्या हातातला फोन वाजला. वहिनीने चष्मा लावला, भाचीने शिकवलं होतं तसं बोट नीट नेमकं ठेवलं, आणि फोन कानाशी धरून मान खाली घातली. आधी तिचाच प्रश्न आला, मग ती चाल, मग पुन्हा तिचाच आवाज. शेवटी दोघी गप्प बसल्या होत्या ती शांतताही तिने पुरी ऐकली.

धाकटीच्या फोनवर खूण निळी झाली.

"थांब," वहिनी उठत म्हणाली. "चहा टाकते. घेतलेला नसशील अजून."